गुलमर्ग : पट्टा, खटका आणि फळी

गुलमर्गला जाऊन आलेली माणसं परत आल्यावर गंडोल्याच्या रांगेबद्दल सांगतात, घसरगाडीवाल्याशी केलेल्या घासाघिशीबद्दल सांगतात, केशर घातलेल्या काहव्याबद्दल सांगतात. गंडोल्याच्या वरच्या स्टेशनाबाहेर बर्फात फतकल मारून बसलेल्या माणसांबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. आम्ही तिथं पाच दिवस होतो आणि त्यातला बराच वेळ याच माणसांमध्ये गेला. आमची एकोणीस वर्षांची लेक आणि सोळा वर्षांचा पुतण्या स्नोबोर्ड शिकायला आले होते आणि आम्ही दोघं त्यांच्या थर्मासचे आणि हातमोज्यांचे राखणदार होतो.

बर्फावरून घसरणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक स्कीवाले. त्यांच्या प्रत्येक पायाला वेगळी, लांब, अरुंद पट्टी असते. बूट प्लॅस्टिकचे, लोखंडासारखे टणक. बुटाचं पुढचं टोक पट्टीवर टेकवायचं, टाच खाली दाबायची, 'टक्' असा आवाज येतो आणि माणूस निघून जातो. दुसरे बोर्डवाले. यांची एकच रुंद फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडलेले. बूट मऊ, चालता येण्यासारखे. पण त्यांना पाय फळीला बांधावे लागतात. प्रत्येक पायाला दोन पट्टे, एक घोट्यावरून आणि एक चवड्यावरून, आणि दोन्ही पट्ट्यांना करकर वाजत आवळणारे दात्यांचे खटके. हे सगळं उभं राहून करणं नवशिक्याला जमत नाही. मग तो बर्फात बूड टेकतो, हातमोजे काढतो, पट्ट्यांत अडकलेला बर्फ बोटानं उकरतो, आणि तोवर स्कीवाले खालच्या वळणावर पोचलेले असतात. पायाला फळीशी धरून ठेवणाऱ्या या साजाला बाइंडिंग म्हणतात. मराठी शब्द आम्हाला सुचला नाही. आमच्या पुतण्यानं 'बांधणी' म्हणून पाहिलं, पण दुकानातल्या काश्मिरी पोरालाही 'बाइंडिंग'च कळत होतं.

आम्ही रत्नागिरीकडची माणसं. लावणीच्या चिखलात रुतलेला पाय कसा काढायचा हे आम्हाला लहानपणापासून येतं. पाय मुद्दाम जखडून घेऊन डोंगरावरून खाली जायचं, ही गोष्ट नवीन होती. पण बर्फ आणि पाय यांची काश्मिरातली ओळख पट्ट्यांपेक्षा जुनी आहे. भाताच्या पेंढ्याचे वळून केलेले जोडे, 'पुलहोर', तिथले लोक पूर्वी बर्फात घालत. आपल्याकडे ज्या पेंढ्याच्या उडव्या रचतात, तोच पेंढा. आता ते बहुतेक पाहायलाच मिळतात, पायात दिसत नाहीत.

आम्ही गेलो ते २०२४ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. ही तारीख मुद्दाम सांगतो, कारण त्या वर्षी गुलमर्गचा जानेवारी कोरडा गेला होता. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना तिथं चिल्ला-ए-कलान म्हणतात, ते हाडं गोठवणाऱ्या थंडीचे आणि भरपूर बर्फाचे. त्या साली या दिवसांत गुलमर्गच्या मैदानावर पिवळं गवत दिसत होतं आणि त्याचे फोटो देशभर फिरले. बर्फ आला तो जानेवारीच्या अगदी शेवटी. आम्ही पोचलो तेव्हा टंगमर्गपासून वरच्या तेरा किलोमीटरच्या घाटात गाड्यांच्या चाकांना साखळ्या लावल्या जात होत्या आणि साखळी लावणाऱ्या पोरांचे चेहरे ईदच्या सकाळसारखे होते.

मुलांना शिकवायला मिळालेला उस्ताद टंगमर्गजवळच्या गावातला, वय तिशीच्या आत. पहिल्या दिवशी तो आम्हाला 'सर' आणि 'मॅडम' म्हणत होता. आम्ही सलाम केला, नाव सांगितलं, आणि त्यानंतर पाचही दिवस 'भाईजान' आणि 'आपा' झालो. जानेवारी कसा गेला असं विचारल्यावर तो म्हणाला, "आपा, फळ्यांना मेण लावत बसलो होतो." हंगाम तीन महिन्यांचा, त्यातला एक महिना मेण लावण्यात गेला.

पहिले दोन दिवस मुलं खालच्या मैदानातल्या उतारावरच होती. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर, आणि हा नवशिक्यांचा उतार म्हणजे आपल्या एखाद्या शेताच्या बांधापेक्षा थोडा मोठा. तिथं आम्ही जे पाहिलं ते असं. उस्तादाकडे आमची दोन मुलं आणि दिल्लीकडचं एक जोडपं, असे चार शिष्य. प्रत्येक जण पडे, पाय सोडवे, फळी उचलून चढ चढे, आणि वर आल्यावर उस्ताद त्याच्यासमोर एक गुडघा बर्फात टेकून दोन्ही पायांचे चार पट्टे आवळे. चार शिष्यांचे सोळा पट्टे झाले की पहिला शिष्य पुन्हा वर आलेला असे. आम्ही दुपारपर्यंत मोजायचा प्रयत्न केला आणि तीसच्या पुढे सोडून दिला. म्हणजे तीस वेळा गुडघा बर्फात, तीस वेळा उठणं.

लेकीला ते आवडलं नाही. दुपारच्या चहाला ती म्हणाली, "अम्मी, तो आपल्या पायाशी बसतो, मला कसंतरी होतं." तिनं त्या दिवशी पट्टे स्वतः लावायला शिकून घेतलं. हातमोज्यांतून जमत नव्हतं, काढले तर बोटं लाल व्हायची, पण ती हटली नाही. पुतण्या मात्र पाय पुढे करून बसायचा. त्याला आम्ही दोन शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी तोही वाकायला लागला.

याच उतारावर तिसऱ्या दिवशी भेटले ते भिवंडीचे चाचा. तीस वर्षांपासून कॅनडात, कॅल्गरीला, पण मराठी अजून ठसठशीत. वय चोपन्न, कमरेच्या मणक्याचं दुखणं जुनं. ते चालत आले, फळी बर्फावर टाकली, एक पाय ठेवला, टाच दाबली, चवडा दाबला, दुसरा पाय तसाच, आणि निघाले. ना बसणं, ना वाकणं. पुतण्यानं तोंड उघडं ठेवून पाहिलं. ते खाली जाऊन वर आल्यावर आम्ही गाठलंच त्यांना, आणि पुढचा तासभर काहव्याबरोबर या खटक्याच्या बाइंडिंगची जन्मकथा ऐकली. त्यातली जेवढी आम्हाला पक्की समजली तेवढी सांगतो.

फळीचा जन्मच बिनपट्ट्याचा. १९६५ मध्ये नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शेरमन पॉपेन नावाच्या माणसानं आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकांना जोडून त्यांची एक फळी केली. पाय नुसते वर ठेवायचे. पुढं टोकाला बांधलेली दोरी हातात धरायची कल्पनाही त्याचीच. घोड्याच्या लगामासारखी. १९७७ मध्ये जेक बर्टन कारपेंटर यानं व्हरमाँट राज्यात फळ्या बनवायला सुरुवात केली. पाय बांधले तर फळी वळवता येते हे लोकांच्या ध्यानात आलं आणि पट्टे आले. पट्टे आले तशी बर्फात बसायची पाळी आली.

ती टाळायचा पहिला मोठा प्रयत्न १९९० च्या दशकात झाला. बुटाच्या तळव्यात लोखंडी कडी बसवायची आणि ती फळीवरच्या खाचेत अडकवायची. सायकलच्या पेडलला बूट अडकवतात त्या धर्तीवर. काही वर्षं ही टूम जोरात चालली, मग ओसरली. चाचांनी ते वापरलेलं. त्यांची तक्रार दोन गोष्टींची. तळव्यातल्या कडीत बर्फ दाबून बसायचा, तो गोठायचा आणि मग कडी अडकायचीच नाही. दुसरं, पट्टे नसल्यामुळे पाय धरून ठेवायचं सगळं काम बुटावर आलं, म्हणून बूट इतके ताठ केले की मऊ बुटाची मजाच गेली. "खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरायचो," ते म्हणाले, "बर्फ उकरायला. बसून पट्टे लावण्यापेक्षा बसून बर्फ उकरणं, एवढाच फरक."

त्याच सुमारास दुसरी वाट निघाली, ती मागून शिरण्याची. टाचेमागं आधाराला एक उभी पाठ असते, ती सबंध मागं पाडायची, पाय पुढच्या रुंद पट्ट्याखाली सपातेत घालावा तसा सरकवायचा आणि पाठ वर उचलून दांडा दाबायचा. पट्टे एकदा आपल्या बुटाच्या मापानं बसवले की रोज आवळावे लागत नाहीत. कुठलाही बूट चालतो. वाकावं मात्र लागतं, एका पायाला एकदा.

आणि २०१७ मध्ये बर्टन कंपनीनं तळव्याची कडी सोडून दिली. खटके आणले बुटाच्या कडेला. चवड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि टाचेमागं एक, असे तीन. तळव्याखाली काही नाही, त्यामुळे बर्फाची जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली. सोडवायला बाहेरच्या बाजूला एक छोटी मूठ, ती वर ओढायची आणि टाच उचलायची. मात्र त्याच पद्धतीचेच बूट लागतात. पुढं इतरांनीही आपापले मार्ग काढले. कुठलाही बूट घेऊन पाय ठेवला की टाचेच्या दाबानं मागची पाठ आपोआप वर येऊन बसते, असेही प्रकार आता आहेत.

चाचा मणक्याच्या दुखण्यामुळे चार वर्षं फळी सोडून बसले होते, खटक्यांमुळे परत आले. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकण्याची आमची तयारी होतीच. पण ते प्रामाणिक निघाले. पहिला हंगाम त्रासाचा गेला, म्हणाले. टाचेचा खटका वाजतो तसा चवड्याचाही वाजला असं वाटतं, पण मध्ये बोटभर बर्फ असेल तर तो अर्धाच बसतो. एकदा निघाल्यानंतर पाच-दहा हातांवर पाय सुटला, नशिबानं सपाटीवर. तेव्हापासून ते प्रत्येक वेळी खाली बघतात, चवडा उचलून पाहतात आणि मगच निघतात. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते अशी तक्रार त्यांच्या कॅल्गरीतल्या मित्रांची आहे. यांचं म्हणणं असं, की पट्टा सैल बूटही आवळून धरतो, खटका धरत नाही, तेव्हा बुटाचं माप तंतोतंत हवं, बाकी सगळं नंतर. आणि खर्च. बूट आणि बाइंडिंग मिळून पाचशे डॉलरच्या वरच जातात. हा आकडा ऐकून आमचा पुतण्या काहव्याच्या पेल्यात बघत राहिला.

चौथ्या दिवशी रात्रभर बर्फ पडला आणि उस्ताद, चाचा आणि आम्ही दोघं गंडोल्यानं वर गेलो. मुलं मधल्या स्टेशनावर, कोंगडोरीला उतरली. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला, आणि दुसरा, २००५ मध्ये सुरू झालेला, अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. वर दम लागतो, बोलताना वाक्यं तोकडी होतात. समोर उतार आहे, पण तो मशिनीनं सारखा केलेला नाही. जसा पडला तसा बर्फ, कमरेइतका.

इथं आम्ही पट्टा आणि खटका एकाच जागी, एकाच वेळी पाहिला. उस्तादानं बूड टेकलं, चार पट्टे लावले, उठला. फार तर दीड मिनिट. चाचा उभे राहिले, टाच दाबली आणि टाचेबरोबर फळीच बर्फात खाली गेली. खटका बसायला खालून विरोध लागतो, आणि भुसभुशीत बर्फ विरोध करत नाही. मापटं भरून घेतलेल्या रव्यात पळी दाबावी तसं. त्यांनी फळी काढली, बर्फ पायांनी तुडवून ओटा केला, बुटाला चिकटलेला बर्फ फळीच्या काठावर घासला, पुन्हा टाच दाबली. एक पाय बसला. दुसऱ्याला पुन्हा तेच. सात-आठ मिनिटं गेली असतील. चार हजार मीटरवर बर्फ तुडवणं म्हणजे कुणाच्याही छातीचा भाता होतो. उस्ताद काही बोलला नाही. शेवटी त्यानं आपल्या फळीचा काठ चाचांच्या फळीखाली आडवा दाबून धरला, आणि 'टक्'. चाचा हसून म्हणाले, "खाली तुझे तीस, इथं माझे आठ." मग दोघं निघाले आणि पांढऱ्या धुरळ्यात दिसेनासे झाले. आम्ही गंडोल्यानं परतलो.

जोहरची वेळ कोंगडोरीला झाली. उस्तादानं फोमचा एक तुकडा बर्फावर अंथरला. सकाळी दुकानातल्या बुखारीवर गरम केलेल्या पाण्यानं पूर्ण वुजू करून त्यानं बूट घातले होते. आता बाटलीतल्या पाण्यानं हात, चेहरा धुतला, डोक्यावरून हात फिरवला आणि बुटांवर ओल्या बोटांनी मसह केला. लेकीनं पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रथमच डोळ्यांनी पाहिली. वुजू असताना घातलेल्या, घोटे झाकणाऱ्या जोड्यावर मसह करण्याची सवलत गावी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे, हे आमच्या शाफई घरात आणि त्याच्या हनफी घरात सारखंच शिकवलेलं. बूट काढला की सवलत संपते. बाकीचे बारकावे, म्हणजे जोडा कसला असावा, पाणी झिरपतं का, हे ज्यानं त्यानं आपल्या आलिमाला विचारावेत. आम्ही इथं एवढंच नोंदवतो, की उणे तापमानात पाय उघडे करावे न लागणं ही केवढी आसानी आहे ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. स्कीच्या टणक बुटात सजदा करणं फार कठीण जातं, असं एक स्कीवाला तरुण आम्हाला म्हणाला. तो बूट काढूनच नमाज पढत होता. बोर्डच्या मऊ बुटात थोडं अवघडून का होईना, बसता येतं.

पण उस्ताद अत्तहियातला बसला तेव्हा त्याचा उजवा गुडघा वाजला. आम्हाला ऐकू आला इतका. सलाम फेरल्यावर आमच्या चेहऱ्यावरचं पाहून तो म्हणाला, "आठ हंगाम झाले, भाईजान. फळीनं नाही केलं हे. पट्ट्यांनी केलं. तेही माझ्या नाही, लोकांच्या."

तिथून पुढचा दिवस आमच्या घरात या एकाच गोष्टीची चर्चा होती. पाय ठेवताच बसणारं बाइंडिंग जर सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगाचं असेल तर ते शिकवणाऱ्याच्या. स्वतःच्या पायासाठी नव्हे, शिष्यांच्या पायांसाठी. आणि ते विकत घेणं त्याला आणि तो ज्या दुकानातून फळ्या आणतो त्या दुकानाला परवडत नाही. त्या दुकानातल्या फळ्यांवर पट्टेच होते, काही पट्ट्यांना एका जातीचा खटका तर दुसऱ्याला दुसऱ्या जातीचा. उस्तादाच्या स्वतःच्या डाव्या पायाचा चवड्याचा पट्टा तारेनं शिवलेला होता. तो याचंही समर्थन करायचा. पट्टा वर डोंगरात तुटला तर दोरीनं पाय बांधून खाली येता येतं. रात्री कांगडीशेजारी बसून शिवता येतो. खटक्यातली स्प्रिंग तुटली तर ती गुलमर्गात कोण देणार?

चाचांनी निघायच्या आदल्या संध्याकाळी एक गोष्ट केली. ते दुकानात आले आणि आपले बूट-बाइंडिंग उस्तादासमोर ठेवले. "मी घरी जाऊन दुसरे घेईन, हे तू ठेव." उस्ताद आधी नाही म्हणाला, मग त्यानं बूट हातात घेतला, तळवा पाहिला आणि पायाला लावला. चाचांचा पाय दहा नंबरचा, त्याचा सात. जाड मोज्यांनी एखादा नंबर भरून निघतो, तीन नाही, आणि माप तंतोतंत हवं हे तर चाचांनीच आम्हाला सांगितलं होतं. पट्ट्याचं बाइंडिंग असतं तर बूट कुठलाही चालला असता, दोन दाते पुढं-मागं केले की झालं. उस्तादाच्या घरी एकच फळी आहे आणि ती तो, त्याचा धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ असे तिघं वापरतात. सकाळी एक, दुपारी दुसरा. तिघांचे पाय तीन मापांचे. खटक्याचं बाइंडिंग असं तिघांत वाटता येत नाही, जोवर तिघांकडे तसे बूट नाहीत. ते एकाच मालकाला ओळखतं.

दुकानदार कोपऱ्यातून हे ऐकत होता. त्यानं मागच्या मांडणीवरून एक जोडी काढली, मागून शिरण्याच्या प्रकारातली, कुणा परदेशी पाहुण्यानं सोडून दिलेली. एका बाजूची तार तुटलेली होती, तिथं त्यानं दुचाकीच्या ब्रेकची तार बसवली होती. शेवटच्या सकाळी ती पुतण्याच्या फळीवर लावली. चार स्क्रू, दहा मिनिटं. पट्टे एकदा त्याच्या बुटाला बसवले आणि मग तो दिवसभर उभ्यानंच वाकून दांडा दाबत राहिला. उस्तादाला त्याच्यासाठी एकदाही गुडघा टेकावा लागला नाही. तक्रार एकच, पायाखाली बर्फ साचला की पाठ बंद होत नव्हती, हातानं झाडावा लागायचा. लेकीला विचारलं तुला हवंय का, तर तिनं पट्टेच बरे म्हणून सांगितलं. तिला आता ते हातमोज्यांतून जमत होते आणि तिला ते सोडवत नव्हतं.

एक गोष्ट मुलांना पाठवणाऱ्या आईबापांनी नीट समजून घ्यावी. स्कीचं बाइंडिंग जोरात पडल्यावर आपोआप सुटतं, गुडघा पिरगळू नये म्हणून. स्नोबोर्डचं सुटत नाही. पट्टा असो वा खटका, ते धरून ठेवण्यासाठीच असतं. नवशिक्यांच्या उतारावर याचा धोका नाही, तिथं पडणारे हातावर पडतात आणि मनगट दुखवतात, तेव्हा मनगटाच्या पट्ट्या घ्याव्यात. पण अफरवटच्या मोकळ्या उतारावर हिमस्खलन झालं तर पायातली फळी नांगरासारखी खाली ओढते. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथं दोन पोलिश स्कीवाले गेले. आम्ही घरी परतल्यानंतर काही दिवसांनी, २२ फेब्रुवारी २०२४ ला, खिलनमर्गच्या वरच्या भागात स्खलनात एक रशियन पाहुणा गेला, त्याच्या सोबत्यांना वाचवलं गेलं. बातमी पाहताच आम्ही उस्तादाला फोन लावला. तो लागेपर्यंतची वीस मिनिटं आमच्या घरात कुणी बसलं नाही. तो ठीक होता. त्या दिवशी तो खालच्या मैदानातच शिकवत होता. गुलमर्गच्या स्की पेट्रोलनं वरचा उतार उघडा असल्याचं सांगितल्याशिवाय आणि स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय त्या बाजूला जाऊ नये, हे तो आम्हाला रोज सांगायचा. कुठलं बाइंडिंग लवकर सुटतं हा प्रश्न आम्ही त्याला विचारला होता. त्यावर त्याचं उत्तर होतं, की ज्या उतारावर हा प्रश्न मनात येतो त्या उतारावर जाऊ नका.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. दुकानात फळी घेताना रंग बघू नका. चारही पट्टे पूर्ण उघडून, पूर्ण आवळून पाहा, दाते झिजलेले असले तर खटका चढतो पण टिकत नाही. पाठीचा दांडा हलवून पाहा, फळीवरचे स्क्रू हातानं हलतात का ते पाहा. बूट घरच्या चपलेपेक्षा घट्ट हवा, उभं राहिल्यावर अंगठा टोकाला नुसता टेकला पाहिजे. मागून शिरण्याचं बाइंडिंग दुकानात असेल तर गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असणाऱ्यांनी तेच मागावं, लाजू नये. मुलींना लांब कोट हवा असेल तर तो मांडीच्या खाली येऊ देऊ नका, बसताना खालचा पट्टा त्यात अडकतो. आमच्या लेकीनं दुसऱ्या दिवशी आखूड जाकीट आणि ढगळ विजार घातली, हेल्मेटखाली स्कार्फ, आणि तिला कसलीच अडचण आली नाही. पट्टे लावायला पातळ हातमोज्यांची आतली जोडी वेगळी ठेवावी. आणि शिकवणाऱ्याला पट्टे लावू देऊ नका. पहिल्या दिवशी देणं भाग आहे, दुसऱ्या दिवशी नाही.

रमजानच्या आदल्या आठवड्यात उस्तादाचा आवाजी संदेश आला. हंगाम मार्चपर्यंत लांबला होता. ब्रेकची तार लावलेली ती जोडी त्यानं दुकानदाराकडून हप्त्यानं घेतली आणि नवशिक्यांच्या फळीवर बसवली आहे. चाचांनी कॅल्गरीहून अजून एक जुनी जोडी पाठवायचं कबूल केलंय, मागून शिरण्याचीच, कुठल्याही बुटाला चालणारी. संदेशाच्या शेवटी त्यानं लेकीला विचारलं होतं, पुढच्या वर्षी येणार असशील तर बुटाचं माप आत्ताच सांगून ठेव.